पाळणा, पगार आणि वंशाचा दिवा

वडीलधाऱ्यांच्या पाया पडणाऱ्या नव्या सुनेला आपल्याकडे जो आशीर्वाद देत असत, त्यात एक आकडा होता. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव.' आठ मुले व्हावीत असे त्यात म्हटलेले नाही. आठ पुत्र व्हावेत असे म्हटले आहे. आठ पुत्र होईपर्यंत ज्या मुली वाटेत जन्माला येतील, त्यांची गणती आशीर्वाद देणाऱ्याने केलेली नव्हती, आणि घेणारीला ती करण्याची सोय नव्हती. हा आशीर्वाद आज कोणी देत नाही. दिला तर सून हसेल आणि सासूही हसेल. महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ निघाली. आठावरून दोनाच्या आत आपण आलो. या प्रवासात स्त्रीकडे पाहण्याची आपली दृष्टी किती पावले चालली, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आम्ही पंडित नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यांच्या दारसभांत झाले. म्हणून लोकसंख्येचे शास्त्र सांगण्याचा आव आम्ही आणणार नाही. पण कामगाराच्या घराचा हिशोब मांडणे हा आमचा तीस वर्षांचा धंदा आहे, आणि त्या हिशोबात 'किती मुले' हा प्रश्न 'किती पगार' या प्रश्नाच्या अगदी मांडीला मांडी लावून बसलेला असतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मुंबईच्या कामगारवर्गाने गेल्या शंभर वर्षांत मुले कमी केली, परंतु हव्या असलेल्या मुलग्यांची संख्या एकाच्या खाली उतरू दिली नाही. कात्री चालली ती मुलींवर आणि त्यांच्या आईच्या देहावर. आणि असे का झाले, याचे अर्धे उत्तर घरातल्या रूढीत असले तरी अर्धे पगाराच्या कागदात आहे.

प्रथम गिरणगावाकडे जाऊ. आपल्या भांडुपच्या टेंभीपाड्यात, कोकणनगरात, सोनापुरात जी कुटुंबे आज राहतात, त्यांतील कित्येकांचे आजोबा-पणजोबा रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून परळ-लालबागच्या चाळींत उतरलेले. (भांडुपकरांना एक अभिमानाची गोष्ट ठाऊक असेलच: मुंबईहून ठाणे-कल्याणकडे आगगाडी न्यावी ही कल्पना सरकारी मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यास १८४३ साली सुचली, ती भांडुपला आला असताना, असे सांगतात.) गडी मुंबईला, बायको गावी, आणि महिन्याला मनीऑर्डर, अशी बहुतेकांची रीत होती. गड्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका चाळीत होत्याच. त्याखेरीज गिरणीत काम करणाऱ्या बायकाही थोड्याथोडक्या नव्हत्या. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांत सुमारे एक बाई होती. वाइंडिंग आणि रीळिंग ही खाती तर बायकांचीच. त्यांच्यावर नायकीण असे आणि भरती तिच्या हाती असे.

या बायकांची मुले जगत किती? १९२२ साली मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंकडे गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी सोपविली होती. आई पाळीवर असताना मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळगोळी' देण्याची चाल किती सर्रास होती, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या घरात मूल जगण्याचाच भरवसा नाही, त्या घराला 'तुम्हांला किती मुले हवीत' असे विचारणे व्यर्थ होते. दोन मुलगे हाताशी यावेत म्हणून पाच बाळंतपणे सोसावी लागत. म्हातारपणाची काठी म्हणजे मुलगा. तेव्हा निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी नव्हता, विमा नव्हता. मुलगी परक्याचे धन. जुन्या माणसांना आपण अडाणी म्हणतो, पण त्यांचा हिशोब त्यांच्या परिस्थितीला धरून होता. अडाणीपणा असलाच तर तो पुढे, परिस्थिती बदलल्यावरही हिशोब न बदलणाऱ्या शहाण्यांचा होता.

हा हिशोब बाईच्या बाजूने मांडून पाहणारा पहिला माणूस मुंबईत निघाला तो गणिताचा प्राध्यापक निघाला, हे फार शोभून दिसते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्स बाईंनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. म्हणजे या एका बाबतीत गिरगाव लंडनच्या मागे नव्हते. १९२३ साली त्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक आले. १९२५ साली या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक पदराला खार लावून चालविले. त्यांची पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. दोघांनी मूल होऊ द्यायचे नाही असे ठरविले, आणि शस्त्रक्रिया करून घेतली ती रघुनाथरावांनी स्वतः. पुढे सांगावयाच्या इतिहासाच्या उजेडात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रघुनाथरावांचा मुद्दा देशाच्या लोकसंख्येचा नव्हता. निदान तो मुख्य मुद्दा नव्हता. बाईला आपल्या देहावर हक्क आहे की नाही, मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही हे तिला ठरविता आले पाहिजे की नाही, हा त्यांचा मुद्दा होता. समाजाला तो झेपला नाही. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. महात्मा गांधींचे मत अर्थातच निराळे होते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला जाऊन त्यांच्याशी बोलल्या, पण गांधीजी संयमाखेरीज दुसरा उपाय मान्य करीनात. संयमाचा उपदेश ऐकावयाला ठीक. पण दहा बाय बाराच्या खोलीत, पाळीवरून येणाऱ्या नवऱ्यापुढे, संयम पाळण्याचा अधिकार बाईला होता कुठे, एवढेच आम्ही विचारू.

आता एका तारखेकडे आमच्या कामगार बंधूंचे मुद्दाम लक्ष वेधतो. १९३८ च्या नोव्हेंबरची ७ तारीख आमच्या चळवळीत सर्वांना पाठ आहे. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी खांद्याला खांदा लावून मुंबईत एक दिवसाचा संप केला, तो दिवस. त्यावर लेख निघतात, व्याख्याने होतात. परंतु त्यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्याच स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला, हे किती जणांना ठाऊक आहे? ठराव मांडला पी. जे. रोहम यांनी, त्यामागील विचार आंबेडकरांचा. बाळंतपणाच्या वेदना पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या, तर एकाहून अधिक मूल जन्माला घालण्यास कोणीही पुरुष तयार झाला नसता, अशा अर्थाचे एक वाक्य त्या भाषणात आहे. ठराव पडला, बाजूने ११ मते, विरुद्ध ५२. संप स्मरणात राहिला आणि ठराव विसरला गेला, याचे आम्हांस नवल वाटत नाही. संप कारखान्याच्या दारात होता; ठराव घराच्या दारात होता.

त्याआधी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हाही आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. १९२९ साली तो कायदा झाला. अशा प्रकारचा देशातील पहिला. दिवसाला ८ आणे भत्ता. कायदा चांगला होता, यात शंका नाही. पण एका बाजूने कायदा आला आणि दुसऱ्या बाजूने गिरणीतील बाई हळूहळू दिसेनाशी होऊ लागली. कारणे एकाहून अधिक आहेत. रात्रपाळी सुरू झाली आणि रात्री बाईला काम देण्यास बंदी होती. यंत्रांची सुधारणा झाली ती बायकांच्या खात्यांत. भत्त्याचा आणि पाळणाघराचा खर्च मालकांना जड वाटू लागला. आणि चौथे कारण सांगणे आमच्या चळवळीला अवघड जाते: बाई बाहेर पडली तेव्हा संघटनांनी फारसा आवाज केला नाही. पुरुषाला पोटापुरता पगार द्या, म्हणजे बाईला कामावर यावे लागणार नाही, हा युक्तिवाद जगभरच्या कामगार चळवळीत होता, तसा आपल्याकडेही होता. १९८२ च्या जानेवारीत जेव्हा अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांत बायका अगदीच मूठभर उरल्या होत्या.

या युक्तिवादाला स्वतंत्र भारतात शास्त्रीय रूप मिळाले ते १९५७ साली, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत. किमान वेतन कसे ठरवावे याचे सूत्र तेथे सरकार, मालक आणि संघटना या तिघांनी एकमताने मान्य केले. आमच्या धंद्यात हे सूत्र म्हणजे मूळाक्षरे. एका कमावत्या माणसामागे तीन 'उपभोग एकके' धरावीत, डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने प्रत्येक एककाला २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्तीसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. तीन एककांत चार माणसे बसतात कशी? तर पुरुष १, बाई ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, असा हिशोब घालतात. आणि सूत्रात आणखी एक कलम आहे: बायका, मुले आणि किशोरवयीन यांची कमाई हिशोबात धरू नये.

हे शेवटचे कलम आम्ही सभेत शंभरदा समर्थिले आहे, आणि त्याचा उद्देश आजही योग्य मानतो. बायको चार घरची धुणीभांडी करते म्हणून नवऱ्याचा पगार कापू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण कागदावर लिहिलेली गोष्ट हळूहळू माणसाच्या डोक्यात जाऊन बसते. ज्या कागदात बाईची कमाई शून्य धरली, तो कागद वाचून वाचून कमावणारा तो मुलगा आणि खाणारी ती मुलगी, हे समीकरण पक्के झाले. एकदा आमच्या अभ्यासवर्गात हे सूत्र फळ्यावर मांडले असता पॅकिंग खात्यातल्या एका बाईंनी विचारले, "दादा, माझे पोट पाऊण का धरले?" बाईचे काम हलके असते, तिला उष्मांक कमी लागतात, असे पुस्तकी उत्तर आहे. त्या बाई राहात होत्या डोंगरावरच्या वस्तीत. आपल्या भांडुप संकुलात साऱ्या मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा शुद्ध होतो, आणि त्याच भांडुपच्या डोंगरावर बायका वर्षानुवर्षे हंडे वाहात आल्या. आठ तास उभ्याने पॅकिंग, त्यावर दोन हंडे पाणी घेऊन दीडशे पायऱ्या. वर्गातल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. आमच्या माहितीप्रमाणे २०१९ साली सरकारनेच नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने तीनाऐवजी ३.६ एकके धरा अशी शिफारस केली. पण २०२० च्या नियमांच्या मसुद्यात पुन्हा तीनच आली.

लक्षात घ्या, १९५७ साली पगाराच्या कागदाने कामगाराचे कुटुंब ठरवून टाकले होते: नवरा, बायको, दोन मुले. लाल त्रिकोणाची जाहिरात भिंतीवर यायची होती. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला होता खरा, आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत धन्वंतीबाई रामराव आणि आवाबाई वाडिया यांच्यासारख्या बायका आघाडीवर होत्या. विधान परिषदेत शकुंतलाबाई परांजपे १९५८ पासून सहा वर्षे हाच विषय लावून धरीत होत्या. पण रघुनाथराव ज्या दाराने या विषयात शिरले, त्या दाराने सरकार शिरले नाही. सरकारला चिंता होती ती तोंडे किती याची, धान्य किती याची, पंचवार्षिक योजनेची. बाईचा हक्क मागे पडला, आकडा पुढे आला.

आकडा पुढे आला की त्यामागून उद्दिष्ट येते आणि उद्दिष्टामागून सक्ती येते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुषांच्या नसबंदीची केंद्रे होती. लोकल पकडण्यापूर्वी शस्त्रक्रिया उरकून जावी, असा हा मुंबईचा शिरस्ता. तोवर ठीक होते. १९७६ साली आणीबाणीत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले, देशात सर्वांआधी. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण विधेयकावाचूनही त्या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील सुमारे पाऊण भाग पुरुषांच्या होत्या. १९७७ साली सरकार पडले. पुरुषांनी मतपेटीतून राग काढला, आणि तो राग सर्व पक्षांनी नीट वाचला. त्यानंतर कोणत्याही सरकारने पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे धाडस केले नाही. कार्यक्रम बंद झाला का? नाही. तो बायकांकडे वळला. आज महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली असते. पुरुषांची शंभरात एकाचीही नसते. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, अधिक बिनधोक. पण 'त्यांना जड उचलावे लागते', 'त्यांना कामावर जावे लागते', असे बायकाच आम्हांला सांगतात. रघुनाथरावांनी जे शंभर वर्षांपूर्वी केले, ते करण्यास त्यांच्या महाराष्ट्रातला पुरुष आजही राजी नाही.

दोन मुलांवर थांबायचे, हे एव्हाना घरोघर पटले होते. पण दोन मुलींवर थांबायचे, हे पटले नव्हते. येथे आमच्या विषयाची गाठ आहे. मुले आठ असत तेव्हा त्यांत एक तरी मुलगा असणार, हे निसर्गच पाहून घेत असे. मुलगा हवा हा हट्ट आठांच्या गर्दीत दिसत नसे. मुले दोन झाली आणि हट्ट उघडा पडला. दोन बाळंतपणांत मुलगा न येण्याचा संभव चारात सुमारे एक. म्हणजे कुटुंब लहान झाले, दृष्टी तीच राहिली, आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत डॉक्टर शिरला.

१९८० नंतरच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलगा की मुलगी हे सांगणारे दवाखाने बोकाळले. आज थोडे रुपये खर्चा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड होत्या. १९८६ साली राज्य सरकारच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतील ४२ जण ही तपासणी करीत होते. हे डॉक्टर खेड्यातले नव्हते, अशिक्षित नव्हते. मुंबईतल्या स्त्री-संघटना, काही डॉक्टर, वकील, पत्रकार एकत्र आले. लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला. आणि १९८८ साली महाराष्ट्राने अशा तपासण्यांवर बंधन घालणारा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली आला, तो या कायद्याच्या पाठोपाठ. कायदा आधी आमचा, पण आकडेही पाहा. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३. २०११ साली ८९४. या वीस वर्षांतच कुटुंब वेगाने लहान होत गेले. फलक लावणारे प्रत्येक खाते एका आकड्याबद्दल पाठ थोपटून घेत होते आणि दुसरा आकडा दुसऱ्या खात्याच्या कपाटात होता.

ज्यांना दवाखाना परवडला नाही वा मनाला पटला नाही, त्यांनी जुनी वाट धरली: मुलगा होईपर्यंत वाट पाहायची. त्या वाटेवर आलेल्या मुलींची नावे सातारा जिल्ह्यात 'नकुशी' अशी ठेवलेली आढळली. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. पुढे भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एक हिशोब छापून आला: जेथे शेवटचे अपत्य मुलगा असण्याचे प्रमाण निसर्गनियमाहून फार अधिक आहे, तेथे त्याआधी आलेल्या मुली मुलग्याच्या प्रतीक्षेत आलेल्या आहेत. अशा 'नकोशा' मुली देशात २ कोटी १० लाख. अशा पाहण्यांचे प्रश्न आणि कोष्टके येथून हाकेच्या अंतरावर, गोवंडी-देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत तयार होतात. तेथल्या अहवालांतून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते: ज्या बाईला दोन मुलगे आहेत तिला आणखी मूल नको असते; जिला दोन मुली आहेत तिचे उत्तर तितके ठाम नसते. 'तुम्हांला किती मुले हवीत' या प्रश्नाचे उत्तर 'दोन' असे सगळ्याच देतात. त्या दोनाच्या पोटातला आशीर्वाद अजून जुनाच आहे.

नियमांनीही या गाठीचा विचार केला नाही. तिसरे मूल झाल्यास जिल्हा परिषद-पंचायतीची निवडणूक लढविता येत नाही, असे महाराष्ट्रात २००१ पासून झाले. २००५ पासून सरकारी नोकरीलाही अशी अट आली. तिसरे मूल मुलग्याच्या हव्यासाने झालेले, हव्यास बहुधा घराचा, आणि पद गेले ते राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईचे, अशी उदाहरणे वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचली आहेत.

आता निराळा प्रश्न. बाईचा दर्जा वाढला की ती मुले कमी मागते, हे आपण गृहीतच धरतो. शिक्षण आणि नोकरी मिळाली की तसे घडते, हे बव्हंशी खरे आहे. पण पुरुषाचे काय? युरोपातील आठ देशांच्या पाहणीवरून २००८ साली काही संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, समतेची मते असलेल्या पुरुषांना जुन्या मतांच्या पुरुषांहून अधिक मुले हवी असतात. दुसऱ्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी निराळ्या पाहणीवरून नेमके उलट दाखविले. वाद मिटविताना ध्यानात आले की, दोघांनी समता म्हणून निरनिराळ्या गोष्टी विचारल्या होत्या. एकाचे प्रश्न घरातल्या कामाबद्दलचे, दुसऱ्याचे बाईच्या बाहेरच्या स्थानाबद्दलचे. बाईने मंत्री व्हावे असे मानणारा पुरुष मुलाची दुपटी धुईलच असे नाही, हे सांगावयाला वस्तुतः युरोपात जाण्याची गरज नव्हती.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९९० साली दर १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते, आपल्यासारखाच रोग. पुढे कायदे झाले, मुली शिकल्या, कमावत्या झाल्या, आणि सुमारे सतरा वर्षांत ते प्रमाण पूर्वपदावर आले. मुलगाच हवा हा हट्ट सुटू शकतो, हे त्या देशाने दाखविले. पण घरातील काम बाईकडेच राहिले, कारखाना-कचेरीचे तास पुरुषाच्या सोयीचेच राहिले, आणि तेथल्या मुलींनी लग्न व मूल दोन्हींकडे पाठ फिरविली. २०२३ साली तेथे एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल होते.

तो वारा भांडुपला लागलेला नाही असे समजू नका. संपानंतर गिरणगाव उठले, या रस्त्यावरचे कारखानेही एकामागून एक बंद झाले, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. नवऱ्याचे काम कंत्राटी झाले तेव्हा घर तगले ते बायकांच्या कमाईवर: घरी आणलेल्या कामावर, पोळीभाजीवर, मनोऱ्यांतल्या धुण्याभांड्यांवर. त्यांच्या मुली आज मॉलमध्ये, रुग्णालयांत, संगणकांपुढे काम करतात. यांच्यापैकी अनेकजणी आम्हांला सांगतात की एकच मूल पुरे, आणि ती मुलगी असली तरी चालेल. हे ऐकून आम्हांला बरे वाटते. पण कारण विचारले तर मुलगी आवडते हे एक, आणि 'दुसऱ्याला सांभाळणार कोण' हे दुसरे. १९४८ च्या कायद्यात पाळणाघराची अट ५० हून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे होती. १९७६ साली ती ३० वर आली, आणि कित्येक कारखान्यांत बायकांचा आकडा तिसाच्या पुढे जाईना. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, तीही पहिल्या दोन मुलांपुरती, तिसऱ्यापासून १२. खर्च सारा मालकावर असल्याने लग्नाच्या वयाची मुलगी कामावर घेताना त्याचा हात पुन्हा आखडतो, जसा १९२९ नंतर आखडला होता. बापाच्या रजेबद्दल मात्र खाजगी कारखान्याला कोणत्याच कायद्याने विचारलेले नाही. केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवस मिळतात.

यंदा एका कारखान्याच्या मागणीपत्रात बापाच्या रजेचे कलम एका तरुण फिटरने घालावयास लावले. त्याला मुलगी झाली आहे. समितीतले दोन जुने सभासद प्रथम हसले, मग त्यांनीही सही केली. वाटाघाटीत व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्यांनी विचारले की बाळंतपण बायकोचे, रजा याला कशाला. आणि मग म्हणाले, महागाई भत्त्याचा प्रश्न आधी मिटवू. आम्ही पंधरा दिवस मागितले आहेत. त्यांनी तीन देऊ केले आहेत. पुढली बैठक अक्षय्य तृतीयेनंतर ठरली आहे.